मांडीचा मान

“ओजसच्या जावळाला त्याला मांडीवर मी घेईन,” हे वाक्य मी एका रविवारी दुपारी, ताकाचा पेला हातात असताना, पूर्ण विचारांती उच्चारले. (मी नेहमी विचारांतीच बोलतो, त्यामुळे मी बोलेपर्यंत विषय बहुधा पुढे निघून गेलेला असतो.) वास्तविक या वाक्याची गरजच नव्हती. जावळाच्या वेळी मुलाने मामाच्या मांडीवर बसायचे असते, ओजसला सख्खा मामा एकच आहे आणि तो मी आहे. यावरून निघणारा निष्कर्ष कोणाही सुशिक्षित माणसाला मान्य व्हावा. मी केवळ नोंद असावी म्हणून बोललो.

“त्याला विचारलंस का?” ताटावरून मान वर न करता रंजनाकाकूंनी विचारले.

रंजनाकाकू म्हणजे माझ्या मनीषाताईच्या सासूबाई. जन्म हैदराबादेतल्या जामबागचा, माहेर वकिलांचे, सासर पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरीतले, आणि बोलण्यात दख्खनी अशी मुरलेली की त्या “नक्को” म्हणाल्या की पुण्याहून आलेला माझा ‘नको’ अगदीच अशक्त वाटतो.

“यात विचारायचं काय, काकू? प्रथाच आहे तशी.”

“प्रथा तुला माहीत. पोराला माहीत पाहिजे ना? ओजू, जावळाला कुणाच्या मांडीवर बसणार रे तू?”

ओजस चार वर्षांचा आहे. पहिल्या वर्षी त्याला कांजिण्या आल्या आणि तिसऱ्या वर्षी विनयभावोजींची बदली आली, त्यामुळे त्याचे जावळ पाचवे वर्ष लागेपर्यंत लांबले होते आणि केस खांद्यापर्यंत पोहोचले होते. त्याने तोंडातला घास शांतपणे गिळला.

“हेमंतमामाच्या,” तो म्हणाला.

“आणि मंदार?” ताईने विचारले. मंदार म्हणजे मी.

“मंदार बघेल.”

भावोजींना ठसका लागला. काकूंनी त्यांच्या पाठीवर थापटले, पण स्वतः हसत असल्यामुळे त्यांची प्रत्येक थाप चुकत होती.

इथे माझी परिस्थिती स्पष्ट करणे आवश्यक आहे. मी समाजशास्त्रात एम.ए. असून सध्या पीएच.डी.साठी संशोधन करतो. त्याकरिता हैदराबादेत आलो आणि चिक्कडपल्लीतल्या ताईच्या फ्लॅटमध्ये, मागच्या खोलीत राहू लागलो. माझ्या प्रबंधाचा विषय आहे ‘मातुलाचे सामाजिक स्थान’. मातुल म्हणजे मामा. भारतातील अनेक समाजांत मामाचे स्थान किती उच्च असते, यावर मी दिवसभर दार लावून लिहीत असतो. एकदा ओजस दार ढकलून आत आला होता.

“तू काय करतो?”

“मामांचा अभ्यास.”

“कुठल्या मामाचा?”

“विशिष्ट असा नाही. सर्वसाधारण मामाचा.”

त्याने खोलीत सगळीकडे पाहिले, पलंगाखालीही पाहिले, आणि एकही मामा न दिसल्यामुळे तो निघून गेला. त्यानंतर मी आतून कडी लावू लागलो. शाळेत त्याने ‘माझे घर’ असे चित्र काढले, त्यात ताई होती, भावोजी होते, काकू होत्या, (अतिशय मोठ्या हातांचा) हेमंत होता, आणि कोपऱ्यात एक तपकिरी आयत होता.

“हे कपाट का रे?” मी विचारले.

“हा तू,” तो म्हणाला. नीट पाहिल्यावर आयताला कडी दिसली.

दुःख एवढेच असते तर मी सोसले असते. पण ओजसच्या दृष्टीने या शहरात मामांचा तुटवडा नाही. त्याला शाळेत सोडणारा रिक्षावाला खाजामामा आहे. वॉचमन मल्लेशमामा आहे. नारायणगुड्याच्या कोपऱ्यावर ज्या माणसाकडून ताई एकदाच सीताफळे घेऊन आली, तो सीताफळमामा आहे. ताई मला मंदार म्हणते, म्हणून मी तेवढा मंदार आहे. एकूण हैदराबादेतल्या प्रौढ पुरुषांमध्ये ओजसचा मामा नसलेला बहुधा मी एकटाच असेन.

आणि या सर्वांचा शिरोमणी हेमंत.

हेमंत समोरच्या फ्लॅटमध्ये आपल्या आईबरोबर राहतो. तेलुगू आहे, एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मी त्याच्याकडे शक्य तितक्या निःपक्षपातीपणे पाहिले आहे. उंची मध्यम. बुद्धी, बोलण्यावरून, ठीक. शर्टाची इस्त्री असमाधानकारक. मातुलविषयक वाचन शून्य. तरीही ओजस बिस्किट खाताना अर्धे हेमंतमामासाठी ठेवतो, आणि ते अर्धे बिस्किट डब्यात मऊ पडत असताना पाहून माझ्या मनात जे येते ते कोणत्याही संदर्भग्रंथात देता येणार नाही. मी एकदा ते खाल्ले. (सिद्ध काहीच झाले नाही. ते नुसतेच मऊ होते.)

त्या दोघांची ओळख माझ्यासमक्ष झाली, हे जास्त झोंबते. मी ओजसला शाळेतून आणत होतो. लिफ्टमध्ये हेमंत होता. त्याचे डोळे लाल होते. मला वाटले, डोळे आले असावेत. म्हणून मी सभ्यपणे एक पाऊल मागे सरकलो आणि मजल्यांच्या आकड्याकडे पाहत राहिलो. लिफ्टमध्ये आठ महिने मी त्या आकड्याकडेच पाहत आलो आहे.

ओजसने मात्र मान वर करून थेट विचारले, “तुम रोया?”

मला भूमीत गडप व्हावेसे वाटले. पण लिफ्ट वर चालली होती.

“हौ,” हेमंत म्हणाला.

“कायकू?”

“अक्का कॅनडा चली गई. बन्नी कू भी ले गई. मेरा भांजा. तेरे इत्ताच है.”

“तुम उसका मामा?”

“हौ. मेनमामा.” (तेलुगूत सख्खा मामा.)

ओजसने यावर थोडा विचार केला आणि म्हणाला, “मेरे पास मामा नहीं है. मेरा बनता?”

हे तो माझ्या बोटाला धरून म्हणाला. माझ्या दुसऱ्या हातात त्याचे दप्तर होते आणि गळ्यात त्याची पाण्याची बाटली होती. हेमंतने माझ्याकडे पाहिले. मला त्याच क्षणी बोलता आले असते, “मी आहे ना मामा!” पण वाक्य तपासून होईपर्यंत आमचा मजला आला होता, आणि हेमंत खाली वाकून ओजसशी हात मिळवत होता.

तर त्या रविवारी ताक संपवून मी खोलीत गेलो आणि ठरवले, की जावळाच्या दिवसापर्यंत हा मान मी योग्य मार्गाने मिळवीन. ओजसला मी शास्त्रशुद्ध रीतीने विश्वासात घेईन.

प्रारंभ मी विषयाच्या माहितीने केला. मुलांना आधी सगळे समजावून सांगितले की भीती वाटत नाही, असे मी वाचले होते. मी त्याला समोर बसवले आणि आकृती काढून वस्तरा म्हणजे काय, त्याची धार कशी असते, ती त्वचेला नेमक्या कोणत्या कोनात लागली तर इजा होत नाही, आणि कोणत्या कोनात लागली तर होते, हे सोप्या भाषेत सांगितले. तो अतिशय लक्ष देऊन ऐकत होता. (इतक्या लक्षपूर्वक मला कोणत्याही परिसंवादात ऐकले गेलेले नाही.) शेवटी मी विचारले, “काही शंका?”

“रक्त येतं?”

“क्वचित.”

तो तडक समोरच्या फ्लॅटमध्ये गेला. संध्याकाळी ताई माझ्या खोलीत आली.

“मंदार, तू त्याला काय सांगितलंस? तो म्हणतो, केस कापताना मान पण कापतात.”

“मी असं कुठेही म्हटलेलं नाही. मी कोनाबद्दल बोललो.”

“कोनाबद्दल! चार वर्षांच्या मुलाशी? आणि हेमंतने काय सांगितलं माहितीये? ओजूने विचारलं, ‘मामा, तुला न्हाव्याची भीती वाटते का?’ तर तो म्हणाला, ‘बहुत. मैं तो अभी भी आँखें बंद करता.’ झालं. पोरगं हसत परत आलं.”

माझा असा समज होता की मुलाला धीर द्यायचा तर आपण धीट असावे लागते. ज्या माणसाने भित्रेपणाच्या जोरावर माझ्यावर मात केली होती, त्याच्याशी स्पर्धा कशी करावी, याला शास्त्रात आधार सापडेना.

तेव्हा मी पद्धत बदलली. ओजस लोकांना जिंकतो तरी कसा, याचे मी निरीक्षण केले. त्याची रीत वरकरणी सोपी होती. समोर माणूस आला की तो त्याला मनात पहिला आलेला प्रश्न विचारतो. तुझ्या पिशवीत काय आहे. तुझा बूट ओला का. तू रडलास का. लोक विरघळतात. मी ठरवले, ओजससमोर प्रयोग करण्यापूर्वी ही रीत स्वतः करून पाहावी.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक होते. मी घसा साफ केला.

“आपके थैले में क्या है?”

त्यांनी पिशवी छातीशी धरली. “क्यों?”

“यूँ ही. जानने की इच्छा हुई.”

ते भिंतीला टेकले. संवाद कमी पडतो आहे असे वाटून मी एक पाऊल पुढे झालो आणि त्यांच्या डोळ्यांत पाहून सहृदयतेने विचारले, “आप रोए हैं क्या?”

ते दुसऱ्याच मजल्यावर उतरले आणि जिन्याने निघून गेले. दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली : एक अनोळखी इसम लिफ्टमध्ये रहिवाशांच्या पिशव्यांची चौकशी करतो, तरी ज्येष्ठांनी एकटे फिरू नये. अनोळखी! त्या इमारतीत मी आठ महिने राहत होतो.

काकूंनी ती सूचना मला मोठ्याने वाचून दाखवली, मग पुन्हा एकदा वाचली.

“काकू, ओजसने विचारलं की हेच लोक त्याला पेरू देतात.”

“अरे बाबा, तो उत्तर ऐकायला विचारतो. तू विचारलंस की वाटतं, पंचनामा चाललाय.”

जावळाचा दिवस उजाडला. हॉलमध्ये पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती, निरांजन तयार होते. गुरुजींनी सांगितलेला मुहूर्त सकाळचा होता, आणि न्हावी नरसिंग वेळेवर आला होता. त्याला पुढे एका लग्नघरी जायचे असल्यामुळे तो दर थोड्या वेळाने “जल्दी करो सारू” म्हणत होता. शिवलेले धोतर आणि रेशमी झब्बा घालून मी, ओजससाठी आणलेले नवे कपडे मांडीवर ठेवून, पाटाशेजारी खुर्चीवर बसलो होतो. माझा डाव साधा होता : हेमंतला कोणी अधिकृत निमंत्रण दिलेले नाही, हे मला ताईकडून समजले होते. तो ऑफिसला जाईल, ओजसला पर्याय उरणार नाही, आणि मान रीतसर माझ्याकडे येईल. (डाव फारसा उदात्त नाही, हे मला मान्य आहे, पण प्रबंधाचे एक प्रकरण पणाला लागले होते.)

दारावरची घंटा वाजली. दारात हेमंत होता. जरीकाठी धोतर, उघड्या अंगावर उपरणे, कपाळाला कुंकू, हातात मोठे तबक. तबकात नारळ, फुले, मिठाई, मुलाचे कपडे, आणि त्या सगळ्याच्या वर चांदीची छोटी कात्री. मागे त्याची आई, कांजीवरम नेसून.

“छुट्टी डाला मैं,” हेमंत आनंदाने म्हणाला. “ओजू बोला, मामा, संडे कू नक्को, आज आना. हमारे में भी मेनमामाच पैला बाल काटता. अम्मा रातभर से नींद नहीं करी.”

ताईने माझ्याकडे पाहिले. काकूंनी माझ्याकडे पाहिले. नरसिंगनेही पाहिले, पण घड्याळ माझ्या डोक्यामागे असल्यामुळे.

“या ना, या!” ताई म्हणाली. “बसा.”

प्रश्न एवढाच उरला, की कुठे बसावे. पाट एकच होता. मी त्याच्याजवळ जाऊन एक पाय त्यावर ठेवला. हेमंतनेही चपला काढून दुसऱ्या बाजूने एक पाय ठेवला.

“आप बैठिए,” मी सौजन्याने म्हणालो, आणि पाय काढला नाही.

“अरे नहीं, आप सगे मामा. परलेदु, कोई बात नहीं, आप बैठो,” तो म्हणाला, आणि त्यानेही पाय काढला नाही.

“जल्दी करो सारू,” नरसिंग म्हणाला आणि त्याने पेटीतून वस्तरा काढून उघडला.

ओजसने वस्तरा पाहिला. मग माझ्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर मला माझी संपूर्ण आकृती, कोनासकट, दिसली. पुढच्या क्षणी तो जेवणाच्या टेबलाखाली होता आणि त्याने टेबलाच्या पायाला अशी मिठी मारली होती की भावोजींनी ओढल्यावर टेबलच सरकले.

त्यानंतर सर्वांनी आपापले कौशल्य पणाला लावले. भावोजींनी आइस्क्रीम कबूल केले. हेमंतच्या आईने लाडू दाखवला. हेमंत ओणवा होऊन “रा रा ओजू, मामा है ना,” म्हणाला. (‘रा’ म्हणजे ये. एवढे तेलुगू मला मत्सरापोटी समजू लागले होते.) आणि काय सांगावे, ओजस हेमंतकडेही जाईना! मला एक अत्यंत अशोभनीय आनंद झाला.

“मंदार, तूच घाबरवलंस, तूच बाहेर काढ,” ताई म्हणाली.

मी धोतर सावरून टेबलाखाली शिरलो. आत गेल्यावर लक्षात आले, की माणूस टेबलाखाली वाकून बसला की त्याला पाठ्यपुस्तकी बोलता येत नाही, छाती दबते.

“मला भीती वाटते,” ओजस कुजबुजला. “तुला वाटते?”

‘नाही, कारण आकडेवारी पाहता’ हे वाक्य तयार होते. मी ते तपासूनही पाहिले. पण त्याचे नाक वाहत होते, त्याने माझा रेशमी झब्बा मुठीत धरला होता, आणि आठ महिन्यांत तो प्रथमच माझ्या इतक्या जवळ होता.

“हो,” मी म्हणालो. “वस्तऱ्याची वाटते. तू हलशील आणि माझ्या हातून सुटशील, याची तर फारच वाटते.”

“अजून कशाची?”

“अजून...” मी बाहेर पाहिले. चारी बाजूंनी पावले दिसत होती. त्यांतली दोन हेमंतची. “तू हेमंतमामाकडे पळतोस ना, तेव्हा माझ्या पोटात दुखतं.”

“का?”

“मलाही वाटतं, आपल्याला पण कोणीतरी...” इथे मात्र वाक्य पुरे होईना. “त्या मांडीचंच बघ ना. मला इतकं वाटत होतं...”

ओजसने माझ्याकडे फार बारकाईने पाहिले. मग त्याचा चेहरा उजळला. त्याला कळले होते. आयुष्यात प्रथमच मला कोणीतरी पूर्ण समजून घेतले, असे मला वाटले.

“तुला पण हेमंतमामाच्या मांडीवर बसायचंय!”

“नाही, नाही, तसं नव्हे...”

पण तो टेबलाखालून बाहेर गेला होता आणि हॉलच्या मध्यभागी उभा राहून जाहीर करत होता : “मंदारला हेमंतमामाच्या मांडीवर बसायचंय! तो रडतोय! मामा, उसकू बिठाओ ना, उसका पेट दुखता!”

मी टेबलाखालीच राहावे की काय, याचा विचार केला. खरे सांगायचे तर जागा वाईट नव्हती.

हेमंत खाली वाकला. मला वाटले, हा हसणार. तो हसला नाही. म्हणाला, “सच्ची, मंदारभाई? मेरेकू भी आपको देख के ऐसाच होता था. मैं सोचता, इनका तो सगा भांजा, रोज घर में है. मेरा बन्नी तो फोन में आता, वो भी अटक अटक के.”

ज्याचा आपण महिनोन्‌महिने मनोभावे हेवा करत आहोत, तो समोरच्या दाराआड बसून आपलाच हेवा करत होता, हे कळल्यावर माणसाची फार गैरसोय होते.

“पैला नंबर मंदारचा,” ओजसने निकाल दिला. “त्याचे केस कापा. मी बघतो. मग मी.”

“एक बट कापून घे रे,” काकू म्हणाल्या. “पोरगं तयार होतंय. मुहूर्त जाईल.”

मी अटी घातल्या. एकच बट. कात्रीने. मागच्या बाजूची, दिसणार नाही अशी. सर्वांनी अटी मान्य केल्या. हेमंत पाटावर मांडी घालून बसला आणि मी, समाजशास्त्राचा एम.ए., मातुलाच्या सामाजिक स्थानाचा अभ्यासक, स्वतःचे मूल्यमापन करत त्याच्या मांडीवर बसलो. हेमंतच्या आईने डोळे पुसत माझ्यावर अक्षता टाकल्या. ताईने औक्षण केले. (नेमके का, हे तिलाही सांगता आले नाही, निरांजन हातात होते.) ओजस समोर बसून माझे बोट धरून म्हणत होता, “आँखें बंद कर. हेमंतमामा पण करतो.”

मी डोळे मिटले. नरसिंगची कात्री उघडल्याचा आवाज आला. इथे एक गोष्ट कोणीच लक्षात घेतली नव्हती. हेमंतला मांडीवर चार वर्षांच्या मुलाची सवय होती. प्रौढ संशोधकाचा भार त्याच्या पायांना नवीन होता. कात्री माझ्या केसांत असतानाच त्याच्या पोटरीत पेटका आला, तो “अय्यो अम्मा!” म्हणून उसळला, त्याच्यावरचा मी उसळलो, आणि मागच्या बाजूची ती न दिसणारी बट कापण्याऐवजी कात्री टाळूवरून पुढे थेट कपाळापर्यंत आली.

मग भावोजी हलकेच म्हणाले, “हवा लागत असेल ना?”

“आता अर्धं ठेवून काय करणार?” काकू म्हणाल्या. “नरसिंग, पूरा निकाल दे.”

हेमंतने पोटरी चोळून पुन्हा मांडी घातली आणि मी पुन्हा तिच्यावर बसलो. वस्तऱ्याबद्दल मी ओजसला जे जे सांगितले होते, ते सर्व मला माझ्या डोक्यावरून फिरताना आठवत होते. पण हे कबूल केले पाहिजे, की ओजसने संपूर्ण वेळ माझे बोट सोडले नाही. मधूनमधून तो विचारी, “दुखतं?” आणि मी खरे सांगे, “नाही. गुदगुल्या होतात.” शेवटचा केस उतरल्यावर त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, खदखदून हसला, आणि कोणी न सांगता पुढे येऊन बसला.

कुठे बसला? माझ्या मांडीवर! हेमंतच्या मांडीवर मी आणि माझ्या मांडीवर ओजस. तो मुळीच हलला नाही. हेमंतने चांदीच्या कात्रीने पहिली बट कापली, तीसुद्धा माझ्या खांद्यावरून हात लांबवून, आणि मला त्याचे काहीच वाटले नाही. केस नव्या कापडात पडत होते, हेमंतच्या आईचे काहीतरी तेलुगूत चालू होते, आणि मी त्या इवल्या, गरम डोक्याकडे पाहत मनात म्हणत होतो : झाले. मान मिळाला. मामा झालो.

दुसऱ्या दिवसापासून इमारतीत माझ्याशी सगळे बोलू लागले. या शहरात माणूस गुळगुळीत डोक्याने दिसला की तो तिरुपतीहून आला आहे, याविषयी कोणाच्या मनात संशय नसतो. वॉचमन मल्लेशने हात जोडले. चौथ्या मजल्यावरच्या मुख्याध्यापकांनी पिशवी खाली ठेवून विचारले, “दर्शन अच्छा हुआ? लड्डू लाए?” लाडू नाहीत हे ऐकून त्यांचा चेहरा पडला; पण ते माझ्याबरोबर शेवटपर्यंत लिफ्टमध्ये थांबले, ही प्रगतीच म्हणायची.

संध्याकाळी मी ओजसला घेऊन खाली उतरलो. दोघांची डोकी सारखीच चकाकत होती. त्याने आपणहून माझा हात धरला होता. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या एक वृद्ध बाई शिरल्या. त्यांनी आम्हां दोघांकडे आलटून पालटून पाहिले.

“ओजू बेटा, ये कौन है रे?”

मी ताठ उभा राहिलो. ज्या क्षणाची मी इतके दिवस वाट पाहत होतो, तो लिफ्टच्या दिव्याखाली, साक्षीदारासह, आला होता.

“ये हेमंतमामा का भांजा,” ओजस म्हणाला. “मामा की गोद में बैठ के बाल कटाया. बहुत डरता. मैं उसके ऊपर बैठा, भाग नक्को जाना बोल के.”

बाईंचा चेहरा कळवळला. त्यांनी हात उंचावून माझ्या टकलावरून मायेने फिरवला.

“अय्यो पापम,” त्या हळहळल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी ओजसला विचारले, “बात करता क्या?”

मी उत्तर देण्यासाठी घसा साफ केला आणि वाक्य मनात तपासू लागलो. पण तेवढ्यात तळमजला आला, आणि ओजस मला हाताला धरून बाहेर काढत म्हणाला, “थोड़ा थोड़ा.”